दिवाळीनंतर लॉनची पुनर्पेरणी: सातारा-सांगलीच्या हवेत कोणतं काम आधी, कोणतं नंतर

दिवाळीची सुट्टी लागली की बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात हे काम निघतं. पावसाळ्यात सडलेल्या, तुडवलेल्या लॉनवर बी फेकायचं, वर घमेलंभर शेणखत पसरायचं आणि संध्याकाळी पाइपने पाणी मारायचं. पंधरा दिवसांनी तिथे लव्हाळा वर आलेला असतो आणि दोष बियाण्याच्या पाकिटाला दिला जातो. बहुतेक वेळा बी चांगलं असतं, काम उलट्या क्रमाने झालेलं असतं. जमीन तयार होण्याआधी बी पडतं, गवत मरण्याचं कारण तसंच राहतं आणि पाणी चुकीच्या वेळी दिलं जातं.

खालची पद्धत आपल्याकडच्या उष्ण हवेतल्या गवतांसाठी आहे, म्हणजे हरळी, सिलेक्शन वन आणि मेक्सिकन लॉन. सगळी मापं गुंठ्याला दिली आहेत: १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. तुमचे चट्टे मिळून पाव गुंठा भरत असतील तर सगळ्याला चारने भागा.

सुरू करण्याआधी: पंचांग नको, थर्मामीटर

"दिवाळी झाली की लॉन" हा हिशेब फसवा आहे, कारण दिवाळीच जागेवर नसते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. मध्ये तीन आठवडे गेले, आणि हरळीच्या बियाला हेच तीन आठवडे उगवायला लागतात.

बियाला हवेपेक्षा मातीचं तापमान महत्त्वाचं. साधा दांडीचा थर्मामीटर सकाळी आठ-नऊच्या सुमारास दोन इंच खोल रोवा आणि पाच मिनिटांनी वाचा. असं सलग तीन दिवस करा. २० अंश किंवा वर असेल तर बिनधास्त पेरा. १८ ते २० मध्ये उगवण होते, पण रेंगाळते. १८ च्या खाली बी मातीत पडून राहतं आणि मुंग्या, चिमण्या, बुरशी यांच्या वाट्याला जातं. थर्मामीटर नसेल तर रात्रीचं किमान तापमान बघा. ओळीने चार-पाच रात्री ते १५ च्या खाली गेलं की बियाचा हंगाम संपला असं समजा.

जिल्ह्यांचा ढोबळ अंदाज असा. सांगली, मिरज, पलूस, इस्लामपूरच्या सपाटीवर दिवसाचं ऊन बरंच टिकतं, तिथे नोव्हेंबरअखेरपर्यंत वाव असतो. सातारा शहर, वाई, कोरेगाव इथे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पाचगणी-महाबळेश्वरला या काळात पेरूच नका. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तिथे कोवळ्या रोपाचा टिकाव लागत नाही. तिथलं काम मार्चसाठी ठेवा.

टप्पा १: टक्कल का पडलं ते शोधा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. गवत ज्या कारणाने मेलं ते कारण जागेवर असेल तर नवंही मरणार, आणि कोवळं असल्यामुळे लवकर मरणार.

*हुमणी.* ऊसपट्ट्यात हा पहिला संशयित. पहिल्या वळवानंतर भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात, अंडी मातीत घालतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मोठी झालेली अळी मुळं खाते. ओळखायची खूण सोपी आहे: चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून वर ओढा. हुमणी असेल तर ते मुळांशिवाय, सतरंजी गुंडाळावी तसं उचलून येतं. एक फूट लांब, एक फूट रुंद, चार इंच खोल असा चौकोन खणा आणि माती गोणपाटावर पसरून अळ्या मोजा. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, पांढरट अंगाची, तपकिरी डोक्याची अळी ती हीच. चौकोनात पाचपेक्षा जास्त निघाल्या तर आधी बंदोबस्त, मग पेरणी.

बंदोबस्ताला मेटारायझियम बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, माती ओली करून, संध्याकाळी द्या. पाकिटावर एकरी मात्रा लिहिलेली असते, ती चाळीसने भागली की गुंठ्याची निघते. ही बुरशी सावकाश काम करते, म्हणून खणताना दिसतील तेवढ्या अळ्या हाताने वेचा. लहान लॉनला वेचणं हाच सगळ्यात खात्रीचा उपाय.

*साचलेलं पाणी.* काळ्या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये पाणी उभं राहिलं की मुळं गुदमरतात. चट्ट्याच्या मध्यावर सहा इंच खड्डा करून काठोकाठ पाणी भरा. ते जिरल्यावर दुसऱ्यांदा भरा आणि घड्याळ लावा. चार तासांनंतरही पाणी उभंच असेल तर जागेचा उतार आणि निचरा सुधारल्याशिवाय बियाचं पाकीट फोडू नका.

*सावली.* हरळीला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, हे लोक विसरतात. आपल्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ४९-५० अंश वर असतो, म्हणजे दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला साडेआठ फुटांपर्यंत पडते. मे महिन्यात लख्ख उन्हात असलेली जागा डिसेंबरात दिवसभर सावलीत असू शकते. कंपाउंडच्या किंवा घराच्या उत्तरेकडचा पट्टा आता पेरू नका, तो फेब्रुवारीच्या यादीत टाका. आंब्याच्या दाट झाडाखाली तर हरळीचा नाद सोडाच.

*तुडवण आणि बांधकाम.* मंडपाचे खांब, गाडी उभी करायची सवय, रंगकामाची पहाड. इथे माती दबून दगड झालेली असते. स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोराने चार इंच आत गेला पाहिजे. जात नसेल तर टप्पा ४ मध्ये खोदकाम वाढवा. खणताना सिमेंटचा राडारोडा निघाला तर तो उचलायचाच, वर माती टाकून झाकायचा नाही.

*तणनाशक.* माळ्याला विचारा: पावसाळ्यात पेंडिमेथॅलिनसारखं, तण उगवू न देणारं औषध मारलं होतं का? त्याचा अंमल काही महिने राहतो आणि ते लॉनच्या बियालाही उगवू देत नाही. शंका असेल तर एका कुंडीत लॉनची माती, दुसरीत बाहेरची माती घ्या, दोन्हींत चिमूटभर बी टाका आणि उन्हात ठेवा. फरक आपोआप दिसेल, शिवाय बियाची उगवणही कळेल.

टप्पा २: गवत ओळखा, मग खरेदी करा

जुन्या लॉनमध्ये मेक्सिकन गवत असेल, म्हणजे दाट, सुईसारख्या बारीक पानाचं, हळूहळू पसरणारं, तर बियाचा विचार सोडा. त्याची डागडुजी त्याच्याच तुकड्यांनी होते. सिलेक्शन वनही मुळ्यांनी (गवताच्या धावत्या काड्यांच्या तुकड्यांनी) किंवा चटईने (नर्सरीत वाढवून मातीसकट कापलेल्या गवताच्या तुकड्यांनी) लावतात. त्यात बियाची साधी हरळी टाकली तर पान आणि रंग वेगळा पडतो आणि चट्टा भरूनही चट्टाच दिसतो. बी कामाचं आहे ते साध्या हरळीच्या लॉनला आणि मोठ्या मोकळ्या जागेला.

पाकीट घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, आत नक्की काय आहे. थंड देशातल्या दाट हिरव्या लॉनचा फोटो असलेल्या पाकिटात बऱ्याचदा राय, फेस्क्यू, ब्ल्यूग्रास यांचं मिश्रण असतं. ते डिसेंबरच्या थंडीत झकास उगवतं, म्हणून फसायला होतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते जळून जातं आणि टक्कल परत उघडं पडतं. तुम्हाला हवी आहे हरळी, जिचं नाव पाकिटावर बर्म्युडा किंवा सायनोडॉन असं असतं.

दुसरी, साल काढलेलं बी की सालासकट. सालासकट बी उगवायला जास्त दिवस घेतं. या उशिराच्या हंगामात तेवढे दिवस आपल्याकडे नाहीत. साल काढलेलंच घ्या, जास्त पैसे पडले तरी.

तिसरी, रंगीत लेप. लेप दिलेल्या बियात निम्म्यापर्यंत वजन लेपाचंच असू शकतं, त्यामुळे मात्रा त्या हिशेबाने वाढवा.

> तपासणी: ओल्या टिश्यूपेपरवर १०० बिया मोजून ठेवा, वरून झाकण, जागा उबदार. दोन आठवड्यांत ७० पेक्षा कमी उगवल्या तर मात्रा वाढवा, ५० पेक्षा कमी असतील तर बी परत करा. हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकलेलं बरं, नोव्हेंबरात दोन आठवडे वाया घालवणं परवडत नाही.

टप्पा ३: बी, मुळ्या की चटई, हे आजच ठरवा

माती २० अंशांच्या वर आणि जागा मोठी असेल तर बी. माती १८-२० वर आली असेल, चट्टे ताटाएवढे-परातीएवढे असतील, तर मुळ्या टोका. मुळीला उगवायचं नसतं, फक्त धरायचं असतं, त्यामुळे तिला थोडी जास्त थंडी चालते. डिसेंबर उजाडला आणि जानेवारीत घरी कार्य असेल तर चटई. यातलं काहीच बसत नसेल तर टप्पा ४ आणि ५ आत्ता करून ठेवा आणि लावणी फेब्रुवारीत. तयार करून ठेवलेली जमीन वाया जात नाही, चुकीच्या हवेत टाकलेलं बी मात्र जातं.

आणखी एक हिशेब पाण्याचा. पेरलेल्या गुंठ्याला एका शिंपणाला २०० लिटर लागतात (२ मिलिमीटरचा थर), आणि सुरुवातीचे दोन आठवडे दिवसातून तीन शिंपणं, म्हणजे रोज ६०० लिटर. माण, खटाव, जत, आटपाडीकडे किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हे आधीच मोजा. पाणी नसेल तर गुंठ्याऐवजी पाव गुंठा पेरा आणि तो नीट सांभाळा. अर्ध्या पाण्यावर पूर्ण जागा पेरली तर काहीच उगवत नाही.

बोअरचं पाणी असेल आणि कुंड्यांच्या कडांना पांढरा थर धरत असेल तर पाण्याचा क्षार तपासून घ्या. ईसी (पाण्यातल्या क्षाराचं माप) २ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर मोठी हरळी ते सोसते, पण कोवळा कोंब सोसत नाही. निदान पहिले तीन आठवडे नळाचं पाणी वापरा. कृष्णाकाठच्या चोपण (क्षारामुळे बिघडलेल्या, पाणी न जिरणाऱ्या) जमिनीत जिप्सम टाकायचा सल्ला हमखास मिळतो. तो माती परीक्षणात सामू (पीएच) ८.५ च्या वर आला तरच घ्या, आणि त्याला काम करायला निचरा आणि वेळ लागतो. पेरणीच्या आदल्या दिवशी पोतं ओतून काही साधत नाही.

टप्पा ४: साफसफाई आणि खोदाई (पेरणीआधी ७ ते १० दिवस)

१. चट्ट्याभोवतीचं जिवंत गवत एक इंचापर्यंत उतरवा. उंच गवत नव्या कोंबावर सावली धरतं.

२. लोखंडी दाताळ्याने मेलेला काडीकचरा ओढून काढा. माती डोळ्यांना दिसली पाहिजे. बी कुजलेल्या गवताच्या थरावर पडलं तर ते उगवतं, पण मूळ मातीपर्यंत पोचत नाही आणि दुपारच्या उन्हात वाळतं.

३. लव्हाळा. इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत त्याच्याच पोटात जाते. उपटू नका, कारण उपटल्यावर पात तुटते, गाठ आत राहते आणि एकाचे चार होतात. माती आदल्या दिवशी भिजवा, खुरपं पातीपासून दोन इंच लांब सरळ खाली घाला, सहा ते आठ इंच खोलीवरून ढेकूळ वर उचला आणि हाताने फोडून काळ्या गाठी वेचा. गाठींना जोडणारा बारीक दोरा दिसेल, त्याच्या मागे जा, पुढची गाठ तिथेच असते. गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. उन्हात कडकडीत वाळवा किंवा कचऱ्यात द्या. एवढ्या उशिरा तणनाशकाच्या मागे लागू नका, कारण औषधानंतर थांबायचे आठवडे तुमच्याकडे नाहीत.

४. उघडी जागा चार-पाच इंच खोल खणा. जिथे गवत विरळ आहे पण जिवंत आहे तिथे खणू नका, बागकामाचा दातेरी काटा दर चार-सहा इंचांवर तीन-चार इंच खोल रोवून किंचित हलवा.

५. पाणी द्या आणि आठवडाभर थांबा. या आठवड्यात मातीतलं तण आणि उरलेला लव्हाळा वर येतो. तो वरच्यावर खुरपून काढा. हा आठवडा कंटाळवाणा वाटतो, पण याच आठवड्याने पुढची दोन महिन्यांची खुरपणी वाचते.

> सावध: काळी माती ओली असताना खणू नका. मूठभर घेऊन दाबा, गोळा चिकटून चकचकीत झाला तर दोन दिवस थांबा. ओल्यात खणलेल्या काळ्या मातीची वाळल्यावर ढेकळं होतात, ती हिवाळाभर फुटत नाहीत.

टप्पा ५: मातीची बिछायत

वरच्या थरासाठी मिश्रण: दोन भाग चाळलेला पोयटा (गाळाची माती) किंवा जागेचीच चांगली माती, एक भाग धुतलेली वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. वाळू चाळायच्या चाळणीतून सगळं गाळा.

अर्धवट कुजलेलं शेणखत इथे सर्वांत मोठा घोटाळा करतं. त्यातून तणाचं बी येतं, हुमणी येते, आणि कुजताना निघणारी उष्णता कोंब भाजते. खत हातात घेतलं तर ते मातीसारखं भुसभुशीत हवं, शेणाचा वास येता कामा नये आणि आत काड्या ओळखू येता कामा नयेत.

सांगलीकडच्या भारी काळ्या जमिनीत नुसती दोन घमेली वाळू मिसळून ती हलकी होत नाही, उलट वाळल्यावर घट्ट बसते. तिथे खतावर भर द्या आणि वाळू वरच्या मिश्रणापुरतीच ठेवा. साताऱ्याच्या डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीचं दुखणं उलटं: पाणी धरतच नाही. तिथे पोयटा आणि खत वाढवा, वाळू गाळली तरी चालेल.

गुंठ्यावर अर्धा सेंटिमीटर थर द्यायला सुमारे १८ घनफूट मिश्रण लागतं, म्हणजे ब्रासच्या (१०० घनफूट) पाचव्या भागापेक्षा थोडं कमी. खड्डे भरायचे असतील तर ते वेगळं मोजा.

खणलेल्या मातीत गुंठ्याला दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकून दाताळ्याने वरच्या दोन इंचांत मिसळा. युरिया आत्ता नाही.

मग सपाटी. सरळ फळी आडवी-उभी ओढून उंचवटे काढा. दहा फुटांना एक ते दीड इंच उतार घरापासून लांब जाणारा ठेवा. पाणी शिंपून माती बसू द्या आणि पुन्हा फळी फिरवा, कारण पहिल्यांदा सपाट दिसलेली जागा पाण्याने खचतेच. शेवटी पायाने चालून बघा. पाऊल अर्धा इंच रुतलं तर माती बरोबर, घोट्यापर्यंत गेलं तर अजून दाबायला हवी.

टप्पा ६: पेरणी

मात्रा: उघड्या जागेला साल काढलेलं बी गुंठ्याला ८०० ग्रॅम. वेळेत पेरताना ५०० ग्रॅमही पुरतं, उशिरा मर जास्त म्हणून वाढवायचं. विरळ पण जिवंत लॉनला याच्या निम्मं. हरळीच्या एका ग्रॅममध्ये चार हजारांच्या आसपास बिया असतात, त्यामुळे मुठीने फेकलेलं बी कुठे ढीग, कुठे शून्य असं पडतं. दाट पडलेली रोपं एकमेकांना मारतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

१. वारा नसलेली सकाळ निवडा. हरळीचं बी फुंकरीनेही उडतं.

२. बी वजन करून पाच पट कोरड्या बारीक वाळूत मिसळा. वाळूमुळे कुठे टाकलं आणि कुठे राहिलं तेही दिसतं.

३. मिश्रणाचे दोन सारखे भाग करा. एक भाग पूर्व-पश्चिम चालत टाका, दुसरा दक्षिणोत्तर. वाकून, गुडघ्याच्या उंचीवरून.

४. दाताळं उलटं धरून, दात वर, पाठीने हलकेच फिरवा.

५. वर चाळलेल्या मिश्रणाचा तीन ते पाच मिलिमीटर थर. यापेक्षा जाड नको. एवढ्या बारीक बियात जाड थर फोडून वर यायची ताकद नसते. थर दिल्यावर इथे-तिथे काही बिया उघड्या दिसत असतील तर थर बरोबर पडला.

६. हलका रोलर फिरवा, नाहीतर फळी ठेवून तिच्यावर उभं राहा, उचला, पुढे सरका. बी मातीला घट्ट टेकलं पाहिजे. हा टप्पा गाळला तर पहिल्याच पाण्याला बी वाहून खोलगट जागी गोळा होतं.

७. झाकण. पांढरं क्रॉप कव्हर कापड मिळालं तर उत्तम: रात्रीची ऊब धरतं, चिमण्या-कबुतरांपासून वाचवतं, आणि पाणी आरपार जातं. नाही मिळालं तर भाताचा पेंढा किंवा बारीक केलेलं उसाचं पाचट, इतकं विरळ की निम्मी माती दिसली पाहिजे. पाचटाची गादी घालू नका, तिच्याखाली कोंब पिवळा पडतो.

मुंग्यांची रांग दिसली तर ती बिळापर्यंत शोधून, पेरणीआधीच बिळात उकळतं पाणी ओता. रात्रीत बी पळवण्यात त्या चिमण्यांपेक्षा वाकबगार असतात.

> तपासणी: चारही बाजूंनी काठ्या रोवून सुतळी बांधली का? कुत्रं, मुलं आणि पेपर टाकणारा, तिघांनाही हे दिसायला हवं.

टप्पा ७: पहिले २१ दिवस, पाणी

लॉन इथेच बनतं किंवा बिघडतं.

पहिला ते चौदावा दिवस: सकाळी आठ, दुपारी बारा, दुपारी साडेतीन. दर वेळी गुंठ्याला २०० लिटर, बारीक झारीने किंवा फवाऱ्याच्या नोझलने. पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून मारलेलं पाणी बी उकरतं. वरचा अर्धा इंच सतत ओलसर हवा, पण डबकं नको. बीला मोड फुटल्यावर एक दुपार कोरडी गेली तर तो मोड मेला, दुसऱ्या दिवशी दुप्पट पाणी देऊन परत येत नाही.

पाच वाजल्यानंतर पाणी देऊ नका. नोव्हेंबरात पहाटे दव असतंच, त्यात संध्याकाळचं पाणी मिळालं की माती रात्रभर गार आणि ओली राहते. उगवण लांबते आणि रोपं कोलमडवणारी बुरशी येते. ऑफिसमधून आल्यावर पाणी मारायची सोय असेल तर टायमर बसवा किंवा दुपारी कुणाला तरी सांगा, दुसरा इलाज नाही.

उबेत दहा-बारा दिवसांत हिरवी लव दिसू लागते, थंडीत तीन आठवडे लागतात. बाविसाव्या दिवसाआधी "बी फुकट गेलं" म्हणून माती उकरू नका. निम्मी जागा हिरवी झाली की क्रॉप कव्हर संध्याकाळी उतरवा, दुपारच्या उन्हात नाही. पेंढा असेल तर तो ओढून काढू नका, त्यासोबत रोपं येतात.

पंधरा ते एकवीस: दिवसातून एकदा, सकाळी, जरा जास्त. त्यानंतर दिवसाआड आणि पुढे तीन-चार दिवसांनी, पण भरपूर: गुंठ्याला १,५०० लिटरपर्यंत, म्हणजे मूळ खाली जातं. रोजचं थोडं थोडं पाणी महिन्यानंतरही चालू ठेवलं तर मुळं वरच राहतात आणि मार्चमध्ये लॉन पहिल्या उन्हाला माना टाकतं.

> सावध: सकाळी रोपांवर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा तंतू आणि रोपं बुडातून आडवी झालेली दिसली तर लगेच पाणी निम्म्यावर आणा, झाकण काढा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात त्या जागी झारीने द्या. कडेच्या निरोगी पट्ट्यालाही द्या.

टप्पा ८: मुळ्या टोकायच्या असतील तर

टप्पा १ ते ५ तसेच. मुळ्या म्हणजे धावत्या काडीचे तीन-चार पेऱ्यांचे तुकडे, निदान एका पेऱ्याला पांढरं मूळ असलेले. आपल्याच लॉनच्या कडेचं एक चौरस फूट दाट गवत उचललं तर त्यात आठ-दहा चौरस फूट टोकता येतात, आणि गवताची जात आपोआप जुळते. उचललेल्या मुळ्या ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा. रात्रभर बादलीत बुडवून ठेवलेल्या मुळ्या सडतात.

एरवी अंतर चार इंच असतं. आत्ता दोन ते तीन इंच ठेवा, कारण थंडीत पसरण मंदावते आणि मोकळी जागा तण भरून काढतं. दोन पेरी मातीत, शेंडा बाहेर, आणि बोटाने बाजूची माती घट्ट दाबा. हलकेच ओढल्यावर मुळी हातात आली तर दाब कमी पडला.

चटई लावताना तळ आजूबाजूच्या लॉनपेक्षा एक इंच खाली घ्या, नाहीतर उंचवटा राहतो आणि कापणीयंत्राचं पातं तिथे माती खातं. नर्सरीतून गोणीत आलेली चटई उघडताच आत हात घाला. गरम लागली किंवा आंबूस वास आला तर घेऊ नका, ती आतून कुजते आहे. खाली प्लास्टिक राहिलं असेल तर ते काढा, आणि लाल मातीचा जाड थर असेल तर खरवडून अर्धा इंचावर आणा. काळ्या मातीवर तो थर वेगळाच राहतो आणि मुळं सीमेवरच थांबतात. सांधे विटांच्या बांधकामासारखे चुकवा, एकमेकांना घट्ट टेकवा, फटींत मिश्रण भरा.

टप्पा ९: पहिली कापणी, पहिलं खत

गवत दोन-सव्वादोन इंच झालं की पहिली कापणी, उंची दीड इंचावर ठेवून. एका वेळी पातीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका. माती कोरडी हवी आणि पातं धारदार. बोथट पातं कोवळं रोप कापत नाही, उपटतं. आदल्या दिवशी पाणी देऊ नका.

खत उगवणीनंतर चार आठवड्यांनी: गुंठ्याला अर्धा किलो युरिया, कोरड्या वाळूत मिसळून, पातीवर दव नसताना, आणि लगेच पाणी. हा दिवस डिसेंबरच्या मध्यानंतर येत असेल तर युरिया देऊच नका. थंडीत हरळी तो उचलत नाही आणि मऊ पडलेल्या पातीवर बुरशी बसते. रुंद पानाच्या तणावर मारायचं टू-फोर-डी तीन-चार कापण्या होईपर्यंत बंद. तण हाताने काढा, एका हाताने बाजूची माती दाबून धरून.

जानेवारीत लॉन पेंढ्याच्या रंगाचं झालं तर घाबरू नका. हरळी आणि मेक्सिकन दोन्ही थंडीत झोपतात. मेलं की झोपलं हे बघायला एक काडी खरवडा, आत हिरवट-पांढरं आणि लवचीक असेल तर जिवंत आहे. अशा वेळी पाणी आठवड्याला एकदा पुरे. खत आणि खोल कापणी दोन्ही टाळा. सुतळी सहा ते आठ आठवडे तशीच राहू द्या. हळदीकुंकवाच्या खुर्च्या मांडायच्या असतील तर जुन्या लॉनवर मांडा.

टप्पा १०: फेब्रुवारीची दुसरी फेरी

उशिराच्या पेरणीत सगळी जागा एका फेरीत भरेल ही अपेक्षा धरू नका. फेब्रुवारीच्या मध्यावर थर्मामीटर पुन्हा बाहेर काढा. माती २० च्या वर स्थिरावली की उरलेले चट्टे भरायचे. दाताळ्याने कवच फोडा, उघड्या जागेला मूळ मात्रेच्या निम्मं बी, अर्धा सेंटिमीटर मिश्रण, दाब आणि पुन्हा तेच तीन वेळचं पाणी. उत्तरेकडचा सावलीतला राखून ठेवलेला पट्टा आता उन्हात येऊ लागला आहे का ते दुपारी बारा वाजता बघा आणि आला असेल तेवढाच पेरा. उगवून वर आलेल्या जुन्या भागाला याच वेळी गुंठ्याला एक किलो युरिया दोन हप्त्यांत, तीन आठवड्यांच्या अंतराने द्या. आणि मेअखेर, पहिल्या वळवानंतर, संध्याकाळी कडुलिंब-बाभळीखाली चादर अंथरून फांद्या झोडपा. पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात खणायचे चौकोन कमी होतात.